सांझीचा आठवा कागद

आमच्या घरात कात्री बायकांनी उचलायची नसते. म्हणजे कापड बेतावं, लेकरांची नखं काढावीत, त्याला कुणाची ना नाही. पण देवघराच्या कोनाड्यात लाल फडक्यात गुंडाळलेली जी बारीक टोकाची कात्री असते, सांझीचा कागद कापायची, तिला बाईचा हात लागायचा नाही. पाच पिढ्यांचा नियम. तो मी सात वर्षं मोडला आणि सात वर्षं घरात कुणी ब्र काढला नाही, कारण मी तो मोडला नसता तर त्यांचीच अब्रू गेली असती.

मी हरप्यारी. माहेर कोसीचं. माहेरी ठाकूरजींचे, म्हणजे कृष्णाच्या मूर्तीचे, पोशाख शिवायचा धंदा, त्यामुळे कात्रीशी ओळख पाळण्यापासूनची. लग्न होऊन मथुरेला आले तेव्हा माझ्या सासऱ्यांचं, छीतरमल बाबूजींचं नाव सांझीवाल्यांत आदरानं घेतलं जायचं. पितृपक्षात आमच्या गल्लीच्या टोकाच्या देवळात रोज संध्याकाळी मातीच्या आठकोनी ओट्यावर सांझी घालतात. कापलेला कागद ओट्यावर ठेवायचा, वरून रंग चाळायचा, कागद अलगद उचलायचा. मग दुसरा कागद, दुसरा रंग. शेवटी पडदा सरतो, आरती होते, आणि सकाळी सगळं पुसून यमुनेत जातं. अमावास्येची सांझी सगळ्यांत मोठी, तिला कोट म्हणतात. चार दरवाजे, तटबंदी, पहारेकरी, गाई, मोर, आणि मधोमध कदंबाखाली राधा-कृष्ण. त्याला नऊ कागद लागतात, आणि दरवर्षी ते नवे कापायचे. कोटाची सेवा आमच्या घराची.

पण घरात कापणार कोण? बाबूजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि ऑपरेशनचं नाव काढलं की ते घर डोक्यावर घ्यायचे. माझे यजमान गोपेश चांदीच्या पैंजणांच्या कारखान्यात तेजाबात दागिने धुवायचे. त्यांच्या बोटांची जाणीवच गेली होती. चहाचा पेला उचलतानासुद्धा तो हातात आहे की नाही हे त्यांना बघून कळायचं. अशा हातानं राधेचं नाक काय कापणार!

पहिल्या वर्षी त्यांनी चार कागद फाडले. पाचवा मी त्यांच्या हातातून काढून घेतला. कात्री हलवायची नसते, कागद फिरवायचा असतो, एवढं मला त्यांच्याकडे बघून बघून कळलं होतं. संध्याकाळी बाबूजींनी त्या कागदावरून बोटं फिरवली. एकदा उलटी, एकदा सुलटी. मग म्हणाले, "गोपेश, आता बसला तुझा हात." गोपेश खाली मान घालून उभे राहिले. बाबूजींना सगळं कळलं होतं, पण त्यांनी ते कळू दिलं नाही.

तेव्हापासून भर दुपारी मी मागच्या खोलीत खिडकीशी बसायची आणि पुढच्या खोलीत बाबूजी तख्तावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "आमच्या गोपेशनं माझ्यावर ताण केली बरं का." मी आतून ऐकायची. राग यायचा, पण खरं सांगते, हसूही यायचं. आतल्या आत गोड वाटायचं.

माझ्या शेजारी चंदो बसायची. माझी एकुलती एक. आठ वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले, बडबड अखंड. ती स्वतःही सांझी करायची, मुलींची सांझी, दाराबाहेरच्या भिंतीवर शेणाची. पितृपक्ष लागला की रोज एक नवी आकृती थापायची आणि वर फुलं चिकटवायची. चांद, सूर्य, काणा कावळा, लंगडा बामण. अमावास्येला भिंतीवरही कोट होतो आणि मग सगळं खरवडून यमुनेत सोडतात.

"आई, तुझ्या गाईच्या गळ्यात हा कागद का ठेवलास? कापायचा राहिला."

"राहिला नाही, ठेवलाय. त्याला जोड म्हणतात. तो नसला तर गाय गळून पडेल."

"मग माझ्या बामणाला पण जोड लाव. त्याचा पाय रोज गळून पडतो."

"त्याला काठी दे. लंगडाच तर आहे!"

त्या वर्षी अष्टमीला तिनं लंगड्या बामणाला काडीची काठी दिली. नवमीला तिला ताप भरला.

ताप सगळ्या मोहल्ल्यातच होता. समोरच्या घरात दोघं, कोपऱ्यावरच्या हलवायाचा नातू. कंपाउंडरनं औषधाची बाटली दिली. एकादशीला तिच्या दंडावर लाल पुरळ दिसलं. द्वादशीला तो कंपाउंडर, एरवी कुणालाही सुई टोचून मोकळा होणारा माणूस, हात न लावताच म्हणाला, "भाभी, हिचं रक्त तपासायला हवं. मोठ्या इस्पितळात घेऊन जा. आजच जा."

मी घरी येऊन पिशवी भरायला घेतली. माझे सहा कागद झाले होते, तीन राहिले होते.

बाबूजींच्या जिवाला वेगळाच घोर होता. त्यांचा पुतण्या ब्रजनंदन दिल्लीहून मशीनवर कापलेले कागद आणायचा. चकचकीत आणि मापात, कुठं एक सूत इकडंतिकडं नाही. त्यानं देवळाच्या गोसाईंजींना ते दाखवले होते. गोसाईंजींनी बाबूजींना स्वच्छ सांगितलं होतं, "छीतरमल, घरात हात असेपर्यंत सेवा तुमची. ज्या वर्षी कोट चुकेल, त्या वर्षापासून ब्रजनंदनची." पाच पिढ्यांची सेवा एका संध्याकाळवर टांगलेली होती.

"कुठं निघालीस?" बाबूजींनी दारातच विचारलं.

"चंदोला इस्पितळात न्यायचंय."

"गोपेश नेईल."

"ते ओटा लिंपायला देवळात गेलेत. आणि लेकरांच्या वॉर्डात आईलाच राहू देतात, बाबूजी."

ते चाचपडत पुढं आले आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. लग्नानंतर पहिल्यांदाच.

"बहू, तू गेलीस तर कोट कोण कापणार?"

सात वर्षांत त्यांनी हे कधी उच्चारलं नव्हतं. माझ्या हातानं कोट होतो हे त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. त्या एका वाक्यावर मी विकली गेले. हे मी कुणाला सांगत नाही, पण आज सांगते. तापानं फणफणलेली पोर आत होती, कंपाउंडरचे शब्द कानात होते, तरी माझ्या मनात आलं ते हे, की बघा, शेवटी बोललात!

"एक दिवस बघू," ते म्हणाले. "पोरांना ताप येतात. उद्या उतरला नाही तर मी स्वतः रिक्षा बोलावतो."

मी पिशवी खाली ठेवली.

आणि त्रयोदशीच्या सकाळी ताप उतरला! अंग गार, कपाळावर घाम. मी ठाकूरजींपुढं बताशे ठेवले. गोपेशनी येता येता गरम बेडई पुरी आणली. तिनं खाल्ली नाही, पण अशक्तपणा असतो म्हणून आम्ही सोडून दिलं. बाबूजी पुढच्या खोलीतून मोठ्यानं म्हणाले, "मी सांगत नव्हतो? ज्याची सेवा, त्यालाच काळजी." मी सातवा कागद पुरा केला आणि आठवा घेतला.

या तापात ताप उतरतो तेव्हाच सांभाळायचं असतं, हे मला पुढं इस्पितळातल्या एका नर्सनं सांगितलं. रस्त्यात उभ्या उभ्या, आपल्या डब्याची पिशवी या हातातून त्या हातात घेत.

चतुर्दशीला चंदोचं पोट दुखत होतं. ती भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. तिची बडबड थांबली होती, हेच मी बघायला हवं होतं. अमावास्येच्या सकाळी तिचे हातपाय गार लागले. मी गोधडी घातली आणि गोपेशना म्हटलं, "अहो, हिला आज नेऊ या." ते म्हणाले, "नेऊ. आरती झाली की लगेच." मीही मान डोलावली. नववाच कागद राहिला होता, राधेचा. नखाएवढा चेहरा, ओढणीची किनार, आणि कृष्णाच्या फुलासाठी पुढं केलेला हात.

"आई," ती म्हणाली, "माझा कोट राहिला."

"हे एवढं होऊ दे. मग दोघी मिळून थापू. मी दरवाजे करीन, तू पहारेकरी कर."

"बामणाला आत घ्यायचा."

"घेऊ हं. काठीसकट घेऊ."

मी कागद दुमडून खुणा केल्या. वर बघितलं तेव्हा ती माझ्याकडेच बघत होती, पण ती बघत नव्हती.

मी ओरडले असणार, कारण दोघंही धावत आले. गोपेश दारातच थिजले. बाबूजी गुडघ्यांवर बसले, तिच्या नाकाशी बोटं नेली, बराच वेळ ठेवली. मग उठून त्यांनी खिडकी लावली. नंतर दार लावलं.

"आवाज नको," ते म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता, डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते मी नाकारणार नाही. "बहू, ऐक. आत्ता बाहेर कळलं तर सुतक लागलं. मुलीचं तीन दिवसांचं असलं तरी त्यातला पहिला दिवस आजच आहे. मग ओट्याला आपला हात लागत नाही. पोर तर गेली. सेवा पण घालवायची का? आरती होईपर्यंत ती झोपलीये. कळलं? झोपलीये."

मी गोपेशकडं बघितलं. ते आपल्या बोटांकडं बघत होते.

"एकच कागद राहिलाय ना?" बाबूजी म्हणाले. "तो पुरा कर."

ते दोघं रंग चाळून ठेवायला पुढच्या खोलीत गेले. खोलीत चंदो, मी आणि तो कागद. खिडकी लावल्यामुळं उजेड कमी होता, मी ती पुन्हा उघडली. तिचे डोळे मिटले. वेणीतला काडीचा तुकडा काढून ठेवला. कात्री उचलली. राधेचं काम पावलापासून सुरू करतात. मी टोक कागदावर ठेवलं आणि तसंच धरून बसले. लोक नंतर म्हणाले की बाईनं सूड घेतला. मला तेव्हा सूड वगैरे सुचत नव्हतं. हात पुढं जात नव्हता, एवढंच. एकच मनात येत होतं, की हिच्या जागी आता काही कापून ठेवायचं नाही.

तिसऱ्या प्रहरी बाबूजींनी दाराबाहेरून विचारलं, "झाला?"

"झाला," मी म्हटलं. नऊ कागद क्रमानं गुंडाळले, आठ कापलेले आणि नववा कोरा, त्याला फक्त कोपऱ्यांच्या खुणा. एरवी बाबूजींनी प्रत्येकावरून बोटं फिरवली असती. त्या दिवशी त्यांनी गुंडाळी तशीच काखेत धरली.

"तूही चल," ते म्हणाले. "दरवर्षी खांबापाशी उभी असतेस. आज दिसली नाहीस तर लोक विचारतील."

गोपेशनी बाहेरून कडी घातली. भिंतीवर अष्टमीपर्यंतची सांझी वाळून पांढरी पडली होती. शेजारच्या रामश्री भाभीनं ओट्यावरून हाक मारली, "चंदो कशी आहे गं?"

"ताप उतरला," मी म्हणाले. "झोपलीये." माझ्याच तोंडानं म्हणाले.

देवळात पडद्याआड ते दोघं, आणि खांबापाशी मी. मला तिथून एका फटीतून ओटा दिसायचा. गोपेश कागद ठेवत होते, बाबूजी रंग चाळत होते. एकदा ठेवलेल्या कागदाला बोट लावायचं नसतं, नाहीतर सगळं सरकतं. म्हणून बाबूजींचा हात वरच्यावर फिरत होता, बुबुळं पांढरी, ओठांवर नाम. तट उमटला, दरवाजे उमटले, गाई उमटल्या. आठव्या कागदाचे मोर उमटले. गोपेशनी नववा उलगडला.

त्यांना दिसलं. त्यांचे डोळे चांगले होते. त्यांनी तो कागद हातात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मग फटीकडं बघितलं, सरळ माझ्याकडं. बाबूजी म्हणाले, "ठेवलास का रे?" अजून वेळ होता. ते काहीही सांगू शकले असते.

त्यांनी कोरा कागद कदंबाखाली ठेवला आणि म्हणाले, "घाला, बाबूजी."

बाबूजींनी त्यावर राधेच्या ओढणीचा निळा रंग चाळला. सगळा, मनापासून. गोपेशनी कागद अलगद उचलला.

पडदा सरला. लोकांनी जयजयकार केला आणि तो मध्येच बसला. कोट सुरेख झाला होता, मीच केला होता, मला ठाऊक आहे. तटावर पहारेकरी, पाण्यात कमळं, मोरांची पिसं एकेक मोजता येतील अशी. मधोमध कृष्ण उभा, हातात फूल धरून. त्याच्यासमोर नुसती लिंपलेली माती.

"छीतरमल," गोसाईंजी म्हणाले, "लाडलीजी, राधाराणी कुठं आहेत?"

"आहेत की," बाबूजी हसून म्हणाले. मग त्यांना लोकांची शांतता जाणवली. ते वाकले आणि त्यांनी तिथं हात टेकवला. घातलेल्या सांझीला कुणी कधी हात लावत नाही. बोटांना ओली माती लागली. त्यांनी आणखी चाचपलं, इकडं, तिकडं, कृष्णाचं फूल पुसलं गेलं.

"गोपेश?" ते म्हणाले. "अरे, कुठंय?"

मी खांब सोडून पुढं आले. डोक्यावरचा पदर खाली आला होता, तो मी घेतला नाही.

"त्यांना काय विचारता? मला विचारा," मी म्हणाले. "सात वर्षं हे कागद मी कापतेय. ती घरी आहे. दुपारीच गेली. आम्ही बाहेरून कडी लावून आलोय."

पहिल्यांदा रामश्री भाभीला कळलं. तिनं हंबरडा फोडला आणि ती आमच्या घराकडं पळत सुटली. माझ्याआधी माझ्या मुलीसाठी शेजारीण रडली. मग मात्र मला कुणी आवरू शकलं नाही.

पुढचं सांगायला फार नाही. सुतकी हातांनी सेवा केली म्हणून ओटा फोडला, देऊळ यमुनेच्या पाण्यानं धुतलं, ठाकूरजींना स्नान घातलं. कोटाची सेवा ब्रजनंदनकडं गेली. चंदोला गोपेशनी खांद्यावरून नेलं. तीन दिवसांचं सुतक फिटलं आणि बाबूजी तख्तावरून उठेनासे झाले. आता त्यांना काहीच दिसत नाही. ते माझ्याशी बोलत नाहीत, मी त्यांच्याशी बोलत नाही, ताट मात्र वेळेवर जातं. गोपेशबरोबर मी अजून नांदते, ते त्यांच्या त्या दोन शब्दांवर, 'घाला, बाबूजी.' नाहीतर केव्हाच कोसीची गाडी धरली असती.

भिंतीवरची सांझी मी खरवडली नाही. ती हिवाळाभर आपोआप पडत गेली.

बायका कधी कधी हळूच विचारतात, तो कोरा कागद अजून ठेवलास का, बघून जीव कासावीस होत असेल ना. कागद आहे, ट्रंकेत आहे. त्याचं मला काही वाटत नाही. मला छळतो तो आठवा. मोरांचा. चतुर्दशीच्या दुपारी मी तो कापत होते, हात असा लागला होता की श्वास घ्यायचीसुद्धा भीती वाटावी. तशी पिसं मी आयुष्यात कापली नव्हती. मागून चंदो म्हणाली, "आई, पाणी."

मी मागं वळून बघितलंसुद्धा नाही. म्हटलं, "थांब गं जरा. एवढं पीस होऊ दे."